वंगणाचा अंगठा

कंपनीने तक्रार निवारण मंचापुढे जे लेखी म्हणणे सादर केले, त्यातील चौथे वाक्य असे आहे : "आमच्याशी करार केल्यानंतर, व करारात नमूद केलेल्या मुदतीच्या आत, तक्रारदाराची बिघडलेली पत पूर्ववत झाली, ही गोष्ट तक्रारदारासही मान्य आहे, सबब सेवेत कोणतीही त्रुटी नाही."

या वाक्यात खोटा शब्द एकही नाही. करार झाला होता. मुदत संपलेली नव्हती. पत पूर्ववत झाली होती आणि तक्रारदारास ते मान्य होते. तो ते कोणालाही आनंदाने सांगत असे. खोटे आहे ते फक्त वाक्य. 'नंतर' हा शब्द त्यात 'मुळे' या शब्दाचे कपडे घालून उभा आहे, आणि 'सबब' हा शब्द त्याची ओळख पटवून देत आहे. न्हाव्याकडून दाढी करून घरी परतलेल्या माणसाला मुलगी झाल्याची बातमी कळली, तर न्हावी आनंद व्यक्त करील. श्रेय मागणार नाही. मागितलेच, तर त्याचे पैसे निदान आगाऊ घेतलेले नसतील.

पाचवे वाक्य अधिक धीट आहे : "बँकेकडे गेलेल्या अर्जावर तक्रारदाराचा अंगठा आहे. तो निरक्षर असल्यामुळे कराराचा अर्थ त्यास कळला नसावा."

तक्रारदार निरक्षर नाही. त्याचे अक्षर कंपनीच्या संचालकांच्या सहीपेक्षा सुवाच्य आहे. कराराचा अर्थही त्याला कळला होता; कंपनीच्या अपेक्षेपेक्षा फार अधिक कळला होता. सगळा घोटाळा झाला तो तिथेच.

तक्रारदार पिठाची गिरणी चालवतो. वस्तीच्या टोकाला, रस्ता जिथे वळतो तिथे पत्र्याच्या छपराखाली ती गिरणी आहे. भिंती, वासे, विजेची बटणे, कोळ्याची जाळी या सर्वांवर पिठाचा एकच मऊ थर. गिरणीवाल्याच्या भुवयांवरही तोच, त्यामुळे त्याचे वय कोणालाही सांगता येत नसे. तो दगडाशी उभा राहणार आणि बायको पीठ पडते त्या तोंडाशी डबे लावणार, अशी वाटणी लग्नापासूनची. मोटार सुरू झाली, पट्टा फिरू लागला, की त्या खोलीत बोलणे अशक्य. म्हणून त्या दोघांनी, आणि वर्षानुवर्षे रांगेत उभे राहून गिऱ्हाइकांनीही, हातांची एक भाषा शिकून घेतली होती. अंगठा बोटांच्या टोकांवर घासला, की बारीक दळा. मूठ अर्धी उघडली, की जाडसर. भुवई उंचावून डब्याकडे बोट केले, की हे कोणाचे. तळहातावर तळहात घासून झटकले, की दळून झाले, दगडात दाणाही उरला नाही. आणि चिमूट हवेत धरली, की धान्यात खडा आहे, थांबवा.

चिमटीची खूण सर्वांत महत्त्वाची. खडा दगडात गेला तर दगड जातो.

त्या वर्षी मात्र दगड शाबूत राहिला आणि मोटार गेली. सुगी तोंडावर आलेली, नवे धान्य अंगणात पसरलेले, आणि एका दुपारी जळक्या रबराचा वास सुटला. पट्टा सैल पडला. दगड आपल्याच वजनाने थोडा वेळ फिरत राहिला आणि मग खोलीत इतकी शांतता झाली, की रांगेतली एक मावशी, जी इतका वेळ ओरडून बोलत होती, तिचे वाक्य सर्वांना ऐकू आले. ते तिच्या सुनेविषयी होते आणि सून मागेच उभी होती.

मोटारीची तार गुंडाळून देणारा कारागीर आला. त्याने झाकण काढले, नाक आत घातले, आणि झाकण परत लावले.

"किती वेळा गुंडाळू हिला?" तो म्हणाला. "आता हिला सोडा. नवी घ्या."

"यंदाची सुगी काढून दे कशीतरी."

"दादा, मी तार गुंडाळतो. प्राण नाही फुंकत."

नवी मोटार म्हणजे बँकेचे कर्ज. गिरणीवाल्याने धुतलेला शर्ट घातला, भुवया ओल्या फडक्याने पुसल्या आणि बँकेत गेला. भुवया काळ्या असल्याचे पाहून दारावरच्या शिपायाने त्याला ओळखलेच नाही. ओळखीचा कारकून त्या आठवड्यात रजेवर होता. काचेपलीकडे एक नवा साहेब होता, त्याने गिरणीवाल्याचे नाव यंत्रात घातले आणि पडद्याकडे असे पाहिले, जसे डॉक्टर क्ष-किरणांच्या चित्राकडे पाहतात.

"तुमची पत खराब आहे."

"कोण म्हणतं?"

"सिस्टीम म्हणते."

"ती कधी आली होती आमच्याकडे?"

साहेबाने स्पष्टीकरण दिले. गिरणीवाला आपल्या मेहुण्याच्या मळणीयंत्राच्या कर्जाला जामीन राहिला होता. ते कर्ज थकल्याची नोंद होती. कर्जदार थकला म्हणजे जामीनदारही थकला. मागे रांग होती.

मेहुण्याला विचारले, तर तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "दाजी, पै न् पै फेडली मी. उशीर झाला, पण फेडली. शपथेवर सांगतो."

मेहुणा खरे बोलत होता. अडचण एवढीच, की त्याने तंबाखू सोडल्याचेही शपथेवर सांगितले होते, आणि ते सांगताना त्याच्या गालात ती होती. गिरणीवाल्याच्या बायकोने भावाकडे पाहिले आणि चिमूट हवेत धरली.

"ताई, खडा नाही. खरंच नाही."

"गप बस. बोललास की पडतो."

अशा अवस्थेत त्या गिरणीत 'इस्त्री' आला.

इस्त्री हे त्याचे खरे नाव नव्हे. कडक उन्हात, धुळीच्या रस्त्यावर, दुचाकीवरून येऊनही ज्याच्या शर्टाची घडी मोडत नाही, अशा माणसाला वस्तीने आणखी काय म्हणावे? त्याच्या पत्रकावर 'पत-सल्लागार' असे छापले होते आणि त्याखाली एक आश्वासन होते : 'कोणाचीही, कशीही बिघडलेली पत, हमखास दुरुस्त.' पत ही दुरुस्त करण्याची वस्तू आहे, तिचा पान्ह्याशी किंवा वंगणाशी काही संबंध असू शकतो, ही कल्पना यंत्रावर जगणाऱ्या माणसाला भुरळ घालणारी होती. मोटार दुरुस्त करणाऱ्याने हात टेकलेल्या आठवड्यात तर ती विशेषच.

"नोंद खरी असली तरी निघते?" गिरणीवाल्याने विचारले.

"खरी-खोटी आम्ही बघतच नाही, दादा. आम्ही नोंद बघतो."

"आणि नाहीच निघाली तर?"

"तर तुम्हाला नवी ओळख काढून देऊ. नवा क्रमांक, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. कोरी पाटी."

"म्हणजे बापाने ठेवलेलं नाव बदलू?"

"एकच अक्षर."

"बाप एक अक्षर चुकला होता असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

इस्त्रीने हा मुद्दा तातडीने मागे घेतला. बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "फी आधी कशाला? काम झाल्यावर घ्या."

"वहिनी, डॉक्टर काय पेशंट बरा झाल्यावर फी घेतो?"

"आमच्याकडे दळण झाल्यावरच घेतात."

"म्हणूनच मोटार जळाली," इस्त्री हसून म्हणाला.

रिकाम्या गिरणीत डबे परत न्यायला आलेली दोन-तीन माणसे हसली. मावशीही हसली. गिरणीवाल्याचे कान लाल झाले. माणसे मूर्खपणाचे निर्णय युक्तिवाद पटल्यामुळे घेत नाहीत. युक्तिवाद ऐकून इतर हसले म्हणून घेतात. त्याने होकार दिला. फीसाठी त्याने राखीव दगडांची जोडी विकली. त्याच्या वडिलांनी आणलेली ती जोडी पोत्यात गुंडाळून भिंतीशी उभी असे, आणि सर्दी झालेली मांजर तिच्यावर झोपे. दगड उचलायला चार माणसे लागली. मांजर दोन दिवस त्या रिकाम्या जागी येऊन बसत राहिली.

कराराचा सातवा परिच्छेद येथे उद्धृत करणे आवश्यक आहे : "ग्राहक मुदत संपेपर्यंत बँकेशी अगर पतनोंदणी करणाऱ्या संस्थेशी प्रत्यक्ष बोलून, दूरध्वनीवरून अथवा पत्र लिहून संपर्क साधणार नाही."

"हे कशाला?" बायको म्हणाली.

"ऑपरेशन चालू असताना पेशंटने मध्ये बोलायचं नसतं, वहिनी."

"मघाशी डॉक्टर फी घेत होता. आता कापतोय."

गिरणीवाल्याने मात्र ते कलम तीनदा वाचले, मान हलवली आणि वळणदार सही केली. त्याच्या लेखी सही म्हणजे शब्द, आणि शब्द दिला की दिला. दळणात कोणाचे मूठभर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून दर डब्यानंतर दगड थांबवून झाडणारा तो माणूस. त्याला कराराकडे पाहण्याची दुसरी रीत माहीत नव्हती. ती कंपनीला माहीत होती, आणि अशा कागदावर सही करणारे लोक दोन दिवसांत बँकेत पोचतात हेही.

सुगी थांबली नाही. गिऱ्हाइके टिकवायची, तर दळण बंद पडून चालणार नव्हते. पुलापलीकडे दुसरी गिरणी होती. तिच्या मालकाला, त्याच्या आवाजामुळे, सगळे 'भोंगा' म्हणत. गिरणीवाल्याने हातगाडी काढली. पहाटे वस्तीतले डबे गोळा करायचे, दोरीने आवळायचे, चढावर बायकोने मागून रेटायचे, उतारावर त्याने पुढे टाचा रोवून पाठीने गाडी अडवायची, आणि पुलापलीकडे जाऊन भोंग्याच्या रांगेत उभे राहायचे. उतारावर त्याच्या चपलेचा अंगठा रोज तुटे आणि तो रोज तारेने बांधी. तळहातांना फोड आले, फुटले, त्यात परक्या गिरणीचे पीठ बसले.

"या, गिरणीवाले," भोंगा पहिल्या दिवशी म्हणाला, आणि ते पुलाअलीकडेही ऐकू गेले असावे. "रांगेत या. मालकांना वेगळी रांग नाही आमच्याकडे."

"रांगेतच आहे."

"बारीक की जाड?"

गिरणीवाल्याने सवयीने अंगठा बोटांवर घासला. भोंग्याने पाहिले न पाहिलेसे केले आणि सगळे एकाच मापाने दळून दिले. डबा परत मिळाल्यावर मावशीने चिमूटभर पीठ तळहातावर चोळले.

"हे तुमच्या हातचं नाही."

"गिरणी बंद आहे, मावशी. माझ्या हातचं कसं असेल?"

"पैसे मात्र तुमच्या हातचेच घेता."

त्याने तिचे पैसे परत केले. मावशीने ते घेतले नाहीत, पण बोलणेही मागे घेतले नाही. दुसऱ्या दिवशी तिचा डबा हातगाडीवर नव्हता. चौथ्या दिवशी गाडी इतकी हलकी झाली, की चढावर बायकोला रेटावे लागले नाही. तिला चालताना हात कुठे ठेवावेत ते कळेना. तेव्हा तिने नवऱ्याला विचारले, "सुगीनंतर हे लोक परत येतील?"

"पुलाची सवय लागली की कोण परत येतं?"

गिरणी गेली, तर त्या घरात दुसरे काही येत नव्हते कोणाला.

रविवारी रजेवरून परतलेला बँकेचा कारकून डबा घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या तोंडात दात नव्हते आणि पीठ भलतेच बारीक लागे, त्यामुळे तो गिरणीशी नियमापेक्षा अधिक निष्ठावान होता. एरवी नियमाबाहेर तो श्वासही घेत नसे.

"बरं झालं भेटलात," तो गिरणीवाल्याला म्हणाला. "तुमचं ते प्रकरण मी पाहिलं. त्यात काय झालंय, की—"

गिरणीवाल्याने खिशातून कापूस काढला, दोन बोळे केले आणि कानांत घातले. मोटार चालू असताना तो असे नेहमी करी. मोटार बंद होती. कारकून बंद मोटारीकडे, मग गिरणीवाल्याकडे पाहत राहिला.

"वहिनी, यांना काय झालं?"

"तुमच्याशी बोलायचं नाही असा करार आहे."

"माझ्याशी? मी काय केलं?"

"तुम्ही बँक आहात."

"मी कारकून आहे."

"तरी."

"बरं, मग तुम्ही ऐका. नाही, तुम्हालाही सांगता येत नाही." कारकुनाने कपाळ पुसले. "खातं यांचं आहे. खात्याची माहिती खातेदारालाच देता येते, त्याच्या समक्ष. बायको असली तरी नाही. नियम आहे."

"साधी गोष्ट आहे का?"

"साधी आहे असंही मला सांगता येत नाही."

अशा रीतीने, एका साध्या गोष्टीच्या दोन बाजूंना दोन प्रामाणिक माणसे उभी होती. एकाला ती सांगायला मनाई होती, दुसऱ्याला ऐकायला. समाजाची घडी नीट बसलेली असली की असे होते. बेइमान माणसांचा संवाद एवढा कधी अडत नाही. कारकून पुढच्या रविवारी पुन्हा आला. गिरणीवाला त्याला पाहताच हातगाडीखाली शिरून आसाला तेल घालू लागला आणि तो जाईपर्यंत घालत राहिला. त्या आठवड्यात गाडी फार छान चालली.

त्या रविवारी दुपारी बायकोने कराराचा कागद उघडला आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"वाचा सातवं."

"तोंडपाठ आहे."

"मग म्हणा."

"प्रत्यक्ष बोलून, दूरध्वनीवरून अथवा पत्र लिहून."

"किती झाले?"

"तीन."

तिने तळहात उघडून त्याच्यासमोर धरला आणि चौथे बोट हलवले. "आणि आपण गिरणीत बोलतो ते?"

त्याने ते बोट पाहिले आणि पुन्हा कागदाकडे नजर वळवली. विधिवाक्याचा अर्थ शब्दांवरून लावावा की हेतूवरून, हा प्रश्न जुन्या मीमांसकांना पिढ्यान्पिढ्या पुरला आहे, आणि त्यावरील ग्रंथ रचले तर गिरणीच्या छपरापर्यंत पोचतील.

"पण त्यांचा हेतू—" तो म्हणाला.

"हेतू लिहिलाय कुठं?"

"नाही."

"हेतूचे पैसे दिलेत?"

"नाही."

"मग?"

ग्रंथांची गरज पडली नाही.

पुढच्या रविवारी कारकून आला तेव्हा गिरणीवाला आपल्या जागी, दगडापाशी उभा होता. कानांत कापूस होता. बायको आपल्या जागी, तोंडापाशी. मोटार बंद होती, आवाज नव्हता, दळण नव्हते, आणि तरी दोघे मोटार चालू असल्यासारखे उभे राहिले. सुनेसह मावशी भोंग्याच्या पिठाला कंटाळून चौकशीला आली होती. ती दारातच थांबली.

गिरणीवाल्याने कारकुनाकडे पाहिले, भुवई उंचावली, आणि छातीवर बोट ठेवले. माझे काय?

कारकुनाच्या चेहऱ्यावर आधी भीती आणि मग समज उमटली. खातेदार समक्ष होता. माहिती खातेदारालाच द्यायची होती. ती तोंडाने द्यावी, असे नियमात कुठेही म्हटलेले नव्हते. त्याने डबा खाली ठेवला, बाह्या सारल्या, आणि हवेत मळणीयंत्राचे चाक फिरवले. मग तळहातावर तळहात घासून झटकले.

दळून झाले. दाणाही उरला नाही.

गिरणीवाल्याच्या भुवया वर गेल्या. बायकोने तोंडावर पदर धरला. मेहुणा खरे बोलला होता, आणि ही गोष्ट पचवायला त्या घराला थोडा वेळ लागला.

मग नोंद का? गिरणीवाल्याने बोट गोल फिरवले.

कारकुनाने चिमूट हवेत धरली. खडा. आणि मग, वीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, त्याने ती चिमूट स्वतःच्या छातीकडे वळवली. खडा आमच्याकडे. आमच्या दगडात.

"कर्ज फिटल्याचं बँकेने पुढे कळवलंच नाही," मावशी दारातून सुनेला समजावून सांगू लागली.

"आई, मला दिसतंय."

"दिसतं पण कळतं का?"

कारकुनाने ओठांवर बोट ठेवून मावशीला गप्प केले, कारण ती खातेदार नव्हती. मग त्याने खिशातून आपल्याच हाताने लिहिलेला अर्ज काढला. नोंद दुरुस्त व्हावी, एवढाच मजकूर. त्याला फी नव्हती, तिकीटही लागत नव्हते. शेवटी सहीची जागा होती. त्याने पेन पुढे केले.

गिरणीवाल्याने पेनाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. पत्र लिहून. सही म्हणजे लिहिणे. त्याने मान हलवली.

"अहो, करा की," बायको म्हणाली. "पत्र तुम्ही कुठं लिहिलंय? यांनी लिहिलंय."

त्याने सहीच्या जागेकडे बोट दाखवले आणि स्वतःकडे. एवढे तर माझेच अक्षर.

मग तो मोटारीकडे गेला, खाली वाकला आणि दगडाच्या आसावरच्या वंगणात अंगठा बुडवला. शाळेत वळणदार अक्षरासाठी बक्षीस मिळवलेला, बापाला दर महिन्याला पत्र वाचून दाखवणारा तो माणूस मावशीच्या आणि तिच्या सुनेच्या देखत वाकला आणि त्याने कागदावर काळा, चिकट, ठसठशीत अंगठा उमटवला. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते. या वेळी कोणी हसले नाही. मावशी खाली मान घालून डब्याचे झाकण घट्ट करत राहिली.

"वंगण चालतं?" सुनेने हळूच विचारले.

"ठसा स्पष्ट असावा, एवढंच आहे नियमात," कारकून म्हणाला. ते तो मोठ्याने म्हणाला, कारण ती माहिती कोणाच्याही खात्याची नव्हती.

नोंद निघाली. कराराची मुदत संपताच कर्ज मिळाले, मोटार आली, पट्टा चढला. सुगीचा पहिला बहर पुलापलीकडे गेला होता. पण मावशी परतली, तिच्यामागे तिचे बोलणे परतले, आणि त्या बोलण्यामागे बाकीची रांग. राखीव दगडांची जागा मात्र रिकामीच राहिली. मांजर आता नव्या मोटारीच्या खोक्यावर झोपत असे, आणि ते तिला तितकेसे पसंत नव्हते.

गोष्ट येथे संपली असती, तर कंपनीचे नाव कोणी काढले नसते. लुबाडलेला माणूस बहुधा गप्प बसतो. आपल्याला कोणी लुबाडले याहून आपण लुबाडले गेलो याची त्याला अधिक लाज वाटते, आणि या लाजेवर कंपन्यांचे अर्थशास्त्र उभे असते. पण इस्त्री परत आला. हातात पुष्पगुच्छ, गळ्यात कॅमेरा, शर्टाची घडी जागच्या जागी.

"अभिनंदन, दादा," तो मोटारीच्या आवाजावर ओरडला. "झाली ना पत दुरुस्त? आता यशाची वेगळी फी. आणि एक फोटो, पत्रकावर छापायला. 'समाधानी ग्राहक.'"

गिरणीवाल्याला ते नीट ऐकू गेले नाही; कानांत कापूस होता, आणि या वेळी तो कामाचा होता. त्याने बायकोकडे पाहून भुवई उंचावली. हे कोणाचे?

बायकोने इस्त्रीकडे पाहिले. हात वर केला. चिमूट हवेत धरली.

रांगेतल्या प्रत्येकाने ती वाचली. मावशी अशी हसली, की तिचा डबा कलंडला, आणि पहिल्यांदाच इस्त्रीच्या शर्टावर काहीतरी सांडले.

तक्रार बायकोने दाखल केली, नवऱ्याच्या नावाने, त्याच्या सुवाच्य सहीनिशी. मागणी एकच : राखीव दगडांच्या जोडीची किंमत. सुनावणीच्या दिवशी गिरणीवाला धुतलेला शर्ट घालून बसला होता, भुवया पुसून. इस्त्री कंपनीच्या वतीने हजर होता. कंपनीच्या वतीने दुसरे कोणी कधी कुठे हजर नव्हतेच. मंचाच्या अध्यक्षा वयस्कर बाई होत्या. त्यांनी चौथे वाक्य वाचले, पाचवे वाचले, अंगठ्याचा कागद उजेडाकडे धरला, आणि तक्रारदाराला विचारले, "तुम्हाला लिहिता येतं ना? मग हा अंगठा?"

"करार होता," गिरणीवाला म्हणाला. "लिहायचं नाही असा."

"आणि तुम्ही तो पाळलात?"

"सही केली होती."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी इस्त्रीला एकच प्रश्न विचारला : या माणसाची पत दुरुस्त व्हावी म्हणून कंपनीने नेमके काय केले?

त्याचे उत्तर कामकाजाच्या नोंदीत आहे, आणि त्यात एकाही शब्दाची भर घालण्याचे कारण दिसत नाही :

"मॅडम, आम्ही कोणाला पत्र लिहिलं नाही, फोनही केला नाही. यांची फाइल मी अजून उघडलेली नाही. गिऱ्हाइकाने बँकेत जाऊ नये, एवढंच आमचं काम असतं. तिथं गेलं की नोंदीचं काम फुकट होतं आणि आमची फी बुडते. बहुतेक लोक दोन दिवसांत जातातच, म्हणून पैसे आधी घेतो. सातवं कलम कोणी पाळेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आमचा करार पाळणारा आजवर हा एकच माणूस भेटला, आम्हाला धरून."